पंधरा सेकंदांची हजेरी

१८ एप्रिल, शुक्रवार

काल दुपारी पंचेचाळीस शर्ट परत आले आणि प्रेमिला काम सोडून गेली. चूक कोणाची, हे ठरवायला माझ्याकडे एक ओळही लिहिलेली नाही. म्हणून आजपासून ही वही. शाळेच्या कपाटात उरलेली जुनी प्रयोगवही आहे. उजवं पान रेघांचं, डावं आकृतीसाठी कोरं. पुरेल.

हकीकत अशी. मी संगणकावर चित्र तयार करते, प्रिंटर ते पारदर्शक फिल्मवर उलटं छापतो. ओल्या शाईवर गोंदाची पांढरी पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची. मग हीट प्रेसचा, म्हणजे हँडलने दाबायच्या यंत्राचा, गरम पाटा फिल्मवर न टेकवता दोन बोटं वर अधांतरी धरायचा आणि तीन मिनिटं भाजायचं. पावडर वितळून शाईला धरते. शेवटी फिल्म शर्टावर पालथी घालून पंधरा सेकंद दाबायचं, गार झाली की सोलायची. भाजणं कच्चं राहिलं तर पहिल्याच धुण्यात चित्र सुटतं. छपाई माझ्याकडे, भाजणं प्रेमिलाकडे. प्रेमिला माझ्या शाळेत सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होती, मी विज्ञान शिकवत होते. दोघी निवृत्त झालो तेव्हा माझ्या घराची समोरची खोली आई गेल्यापासून रिकामीच होती. तिथे गेल्या दिवाळीपासून हे काम सुरू केलं.

शर्ट तिच्या गल्लीच्या मंडळाचे होते, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी. निळा शर्ट, छातीवर पांढरं चक्र. ही ऑर्डर तिने आणलेली, तिची पहिली. काल तिचा भाचा रोशन सगळे शर्ट दोन पिशव्यांत भरून घेऊन आला.

"मॅडम, पाहा ना. एका धुण्यात अर्धं चाक गेलं. पोट्टे मले म्हणून राहिले, तुझ्या मावशीनं स्टिकर चिकटवले का बे?"

खरंच, प्रत्येक शर्टावर उजवीकडचे आरे गेलेले. मी म्हटलं, छपाईत दोष नाही, भाजलं कोणी ते विचार. प्रेमिला शर्ट परत पिशवीत भरू लागली. मग मी असंही म्हणाले की सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या आणि अजून तीन मिनिटं मोजता येत नाहीत. रोशनने मान खाली घातली. प्रेमिलाने अॅप्रन काढला, घडी केली, घराची किल्ली प्रेसच्या पाट्यावर ठेवली, "येते मॅडम," म्हणाली आणि भाच्याबरोबर गेली.

रोशन फाटकाबाहेर पडताना मी सांगितलं, बुद्धपौर्णिमेच्या आत पंचेचाळीसच्या पंचेचाळीस नवे देईन. पाटा गरम होता. किल्ली उचलताना बोट भाजलं.

आज ती आली नाही.


१९ एप्रिल, शनिवार

आज एकटीने सुरुवात. पंचेचाळीस एकदम करायचे नाहीत. आधी नमुने, नमुने धुवायचे, टिकले तर पुढे.

तिच्या चुका आठवतील तशा लिहून ठेवते, म्हणजे शोध सोपा होईल. एक तर घड्याळ वापरायची नाही. समोर भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे, पण बाई पंधरा सेकंद मोजायची माझ्या जुन्या दहावी 'ब'च्या हजेरीने. आगलावे, आंबाडे, बनसोड, असं मेश्रामपर्यंत. मेश्राम म्हटलं की हँडल वर. शाळेत स्टॉपवॉच माझ्या कुलपात असायचं, तेव्हापासूनची ही खोड. भाजण्याची तीन मिनिटं तर तीही नाही. वाकून बघत बसायची आणि म्हणायची, "संत्र्याच्या सालीवाणी दिसाले लागलं का झालं, मॅडम." संत्र्याची साल हे काही माप नाही. भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे, १३० अंश, ३ मिनिटं.

दुसरं, पावडरीच्या डब्यात आज एक फडक्याची पुरचुंडी सापडली. आत भाजलेले तांदूळ. कामाच्या मालात धान्य! फेकून दिली.

तिसरं, कूलर. मार्चच्या अखेरीस मी मोठा कूलर घेतला तो तिच्यासाठी. माझ्या घरात माणूस घामात राबणार नाही, असं मी तिला तेव्हाच सांगितलं होतं. प्रेसच्या डाव्या हाताच्या खिडकीत बसवला. पण मी बाजारातून परत आले की खोली भट्टी झालेली आणि कूलर बंद. विचारलं तर म्हणे, "थंडी वाजून राहिली होती मॅडम." चव्वेचाळीस अंशात थंडी! मी कूलर लावायची आणि पुन्हा बाहेर गेले की पुन्हा बंद. किंमत नसते लोकांना.

अकरा आणि बारा तारखेला म्हणूनच मी दिवसभर खोलीत बसून राहिले. मंडळाचे शर्ट माझ्या डोळ्यांसमोर झाले. कूलर पूर्ण वेळ चालू होता. तरी हे.

आज पाच नमुने केले. हँडल दाबून धरणं, घड्याळ बघणं आणि फिल्म सांभाळणं एका माणसाचं काम नाही. तिसऱ्या वेळी मी मोठ्याने "काढ" म्हणाले.


२१ एप्रिल, सोमवार

पाचही नमुने धुतले, पाचही उजवीकडून सुटले.

तापमान बरोबर, वेळ बरोबर, हात माझा. मग पावडर बिघडलेली असणार. तांदळामुळेच असेल. नवी पावडर आणायला उद्या लकडगंजच्या बाजारात जाते.


२३ एप्रिल, बुधवार

उष्मा. नवी पावडर आली. दिवसभरात बेल वाजली नाही.

प्रेमिलाचा अॅप्रन अजून खुंटीवर आहे. धुवावा म्हणून काढला, पण तो स्वच्छ होता. परत अडकवला.


२५ एप्रिल, शुक्रवार

नव्या पावडरीचे सहा नमुने. सहाही गेले, उजवीकडूनच. नवी पावडरही डब्यात दोन दिवसांत गोळे धरू लागली आहे. माल हलका दिसतो.

स्पष्टच लिहायचं तर प्रेमिलाने कच्चं भाजलं होतं, हे मी आज सिद्ध करू शकत नाही. मी स्वतः भाजते तरी तेच होतं. याचा अर्थ एवढाच की कारण अजून सापडलेलं नाही. तिची चूक नव्हती असा याचा अर्थ होत नाही.

संध्याकाळी तिला फोन केला. कामापुरता.

"प्रेमिला, तू नेमकं किती वेळ भाजायचीस?"

"भिंतीवर लिहेल आहे ना मॅडम. तुमच्याच अक्षरात."

"तू भिंतीप्रमाणे करत नव्हतीस."

"मंग कायले विचारता?" मागे कोणीतरी हसलं. मग तिचा आवाज थोडा खाली आला. "जेवल्या का? एकट्या असल्या का तुम्ही फक्त कुरमुरे खाता."

"विषय तो नाही."

"खोलीतच बसता का दिवसभर? कूलर लावून?"

"अर्थात."

 ती मग म्हणाली, "बरं मॅडम. गॅसवर भाजी करपून राहिली," आणि फोन ठेवला.  

कुरमुरेच खाल्ले.


२८ एप्रिल, सोमवार

सकाळी कूलरचा पंप गेला. धूर, जळका वास. मेकॅनिक देवाजी शुक्रवारशिवाय येऊ शकत नाही. सगळ्या नागपूरचे कूलर याच आठवड्यात बिघडले आहेत, म्हणे.

काम थांबवता येणार नाही. बुद्धपौर्णिमेला चौदा दिवस उरले. ओला पंचा मानेवर टाकून तशाच खोलीत पाच नमुने केले. घामाचा थेंब फिल्मवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला. आरशात पाहिलं तर आंदोलनाला निघालेली बाई वाटत होते. हसू आलं, पण ते सांगायला कोणी नव्हतं.

एक नोंद. भाजताना शाईवर आज बारीक चकाकती नक्षी आली, टोकापासून टोकापर्यंत सारखी. तिला संत्र्याच्या सालीची उपमा देता येईल.


३० एप्रिल, बुधवार

पाचही नमुने टिकले. चार धुणी झाली, एक तर धोंड्यावर आपटला. एक आरा हलला नाही.

हात बसला. सरावाने काहीही येतं, हे मी मुलांना नेहमी सांगायची. प्रेमिलाला फोन करून सांगावंसं वाटलं. केला नाही. तिला ते टोमणा वाटलं असतं, आणि तो होताही थोडा.


२ मे, शुक्रवार

देवाजी आला. नवा पंप टाकला, पाणी भरलं, बटण दाबलं. टेबलावरची बिलं उडून थेट स्वयंपाकघरात गेली.

"मॅडम, एवढा वारा काहून ठेवता गा... नाही, चुकलं, सवय आहे मले." 'गा' गड्यांना म्हणतात, म्हणून कान पकडून हसला. "पण खरं सांगतो, इथं पतंग उडवता येते."

"माणसासाठी लावला आहे."

"कोणता माणूस?" त्याने खोलीत नजर फिरवली. सहज विचारलं असेल. मी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

गार वाऱ्यात काम झपाझप झालं. बारा खरे शर्ट करून टाकले. नव्या हाताने.


३ मे, शनिवार

बारातला एक धुतला. उजवीकडचे सात आरे गेले. दुसरा धुतला, सहा गेले. उरलेले दहा धुवायचं धाडस झालं नाही.

 मग वर्गात करायची तेच केलं. डाव्या कोऱ्या पानावर सोमवारचा आणि कालचा दिवस शेजारी शेजारी मांडला. शाई तीच, पावडर तीच, अंश तेच, मिनिटं तीच, हात तोच. वेगळं काय? आणि लिहिता लिहिता खिडकीतल्या चालू कूलरकडे पाहिलं.

देव्हाऱ्यातली उदबत्ती लावून प्रेसच्या पाट्याखाली धरली. धूर वर गेला नाही. डावीकडून उजवीकडे आडवा झोपला. पाट्यावर आकडा १३० दिसतो तो पाट्याचा. खाली फिल्मची डावी कड वाऱ्याने गार होत होती आणि तिथली पावडर कच्ची राहत होती. पण शर्ट सुटतो उजवीकडून, म्हणून मी कधी डावीकडे बघितलंच नाही. फिल्म शर्टावर पालथी पडते. भाजतानाची डावी बाजू शर्टावर उजवी होते. आरशातल्या प्रतिमेचा धडा मी अठ्ठावीस वर्षं शिकवला.

आणि कूलरचा वारा म्हणजे पाणी. पावडर ओल धरते, डब्यात गोळे होतात. तांदळाची पुरचुंडी त्यासाठी होती. मिठाच्या बरणीत आई ठेवायची तशी. ती मी फेकली.

मी बाहेर गेले की ती कूलर बंद करायची.  मंडळाच्या शर्टांच्या दिवशी मी दिवसभर खोलीत होते. तिला तो बंद करता आला नाही.

ती बोलली का नाही, हे मला कळत नाही. इतकी सोपी गोष्ट.


६ मे, मंगळवार

कूलर बंद. खिडकी बंद. पंखाही बंद. सकाळी सहाला सुरू केलं. सोळा झाले, मग डोळ्यांपुढे अंधारी आली. ताक पिऊन आडवी झाले.

दोन्ही हात गुंतलेले असताना घड्याळाकडे बघता येत नाही. म्हणून आज हजेरीने मोजून पाहिलं. आगलावे, आंबाडे, बनसोड, बोकडे, चहांदे, ढोबळे, फुलझेले, गजभिये, हटवार, इंगोले, जांभूळकर, काटेखाये, लांजेवार, मेश्राम. चौदाच भरतात. मध्ये कोणीतरी गळतं आहे. माझाच वर्ग, मीच वर्गशिक्षिका, आणि एक मूल आठवत नाही. मेश्रामनंतर एक सेकंद थांबते आणि मग हँडल वर.


९ मे, शुक्रवार

पंचेचाळीस पूर्ण. वाया गेलेल्या बारांच्या जागी कोरे शर्ट बाजारातून नवे आणले. दोन जास्तीचे केले आणि ते वीस वेळा धुतले. टिकले.

काम झालं, आता फक्त द्यायचे आहेत. रोशनला फोन करून बोलावलं तर तो घेऊन जाईल, प्रश्न मिटेल. शर्ट चांगले आहेत, लोकांना तेवढंच हवं आहे. कारण कोणाला सांगायची गरज नाही.

असा विचार मी दुपारी चारपर्यंत केला. दोष मी रोशनसमोर दिला होता. त्यामुळे तो मागे घेताना रोशन तिथे पाहिजे. गल्लीने तिला स्टिकरवाली म्हटलं, तर गल्लीही पाहिजे. मी स्वतः जाणार.

वाक्य ठरवून ठेवलं आहे. दोनच ओळी आहेत. पाठ होत नाहीत.


१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

पहाटे ऑटो केला. सक्करदरा तलावाच्या पलीकडे तिची गल्ली. सव्वीस वर्षं ओळख, आणि मी कधी गेलेले नव्हते. लग्नाला, बारशाला बोलावलं तेव्हा पाकीट पाठवत असे. घर विचारावं लागलं. एक बाई ओरडली, "प्रेमिला वं! तुह्या शाळेवाली मॅडम आली, बाहेर ये!"

विहारासमोर चटया टाकल्या होत्या, खीर वाटत होते. प्रेमिला पांढऱ्या साडीत. पहिल्यांदा पदराने हात पुसले, मग खुर्ची आणायला पळाली. मी म्हटलं, खुर्ची नको, आधी ऐक. रोशनला हाक मारली. चार-पाच पोरं आणि दोन म्हाताऱ्या जमल्या.

पाठ केलेलं वाक्य गेलं. म्हणाले, "हे नवे शर्ट. पहिले सुटले ते हिच्यामुळे नाही. भाजणं हिचं बरोबर होतं. चूक कूलरची होती, आणि कूलर माझा होता. मी हिला रोशनसमोर बोलले ते खोटं होतं."

 मग एक म्हातारी म्हणाली, "कूलरनं शर्ट खराब होते? नवलच आहे माय." रोशन हसला आणि शर्ट वाटायला घेतले. एका पोराने तिथेच चक्र नखाने खरवडून पाहिलं. रोशनने त्याच्या हातावर मारलं.

प्रेमिलाने मला आत नेलं. टिनाची खोली, स्वच्छ, तापलेली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो मॅडम."

"मग बोलली काहून नाहीस?" 'काहून' माझ्याच तोंडून गेलं.

ती खिरीची वाटी पुसत राहिली. "तुम्ही तो माझ्यासाठी आणला होता ना. सव्वीस वर्षात कोणी माझ्यासाठी वारा नव्हता आणला. आता कशी म्हणू, बंद करा."

मी किल्ली पर्समधून काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली.

"मी तिकडे आता नाही येत, मॅडम. राग नाही. पण नाही येत. काम कराचं असन तर प्रेस इकडे पाठवा. फिल्म तुम्ही छापा, रोशन आणून देईन. भाजणं मी इथं करते. माझ्या घरी, माझ्या नावानं."

मी विचार करते म्हणाले. खीर गोड होती. दुसऱ्यांदा घेतली.


१३ मे, मंगळवार

विचार केला. प्रेस इथे राहिला तर भाजणार मी. ती इथे येणार नाही. प्रेस तिथे गेला तर काम उत्तम होईल. यात विचार करण्यासारखं काही नाही.

तरी दिवस गेला.


१५ मे, गुरुवार

रोशन टेम्पो घेऊन आला, प्रेमिलाही बरोबर होती. बाहेर टेम्पोतच बसून राहणार होती. मी म्हटलं, यादीवर सही लागेल, तेव्हा आत आली. खुंटीवरचा अॅप्रन स्वतःच काढून पिशवीत टाकला. जाताना मी हजेरीतला गळलेला मुलगा विचारला. क्षणाचाही विचार न करता तिने सांगितला.

"येते मॅडम," म्हणाली.

सुपूर्द केलेल्या वस्तू:

प्रेस, एक. पाट्याचा आकडा आणि फिल्मवरची उष्णता यांत फरक पडतो, वारा टाळावा, हे तोंडी सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

पावडरीचा डबा, एक, घट्ट झाकणाचा. आत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, मी बांधलेली.

निळे शर्ट, दोन, वीस वेळा धुतलेले, नमुन्यासाठी.

भिंतीवरचा कागद, १३० अंश, ३ मिनिटं. मी काढून देत होते, तिने घेतला नाही.

कूलर. घेतला नाही. "तुम्हाले लागन. आता तुम्ही लावू शकता."

किल्ली, घराची, एक. मी पुढे केली, तिने घेतली.

मिळालेल्या वस्तू: डहाट. चहांदेनंतर, ढोबळेच्या आधी. आता पंधरा भरतात. मोजायला प्रेस नाही, पण नोंद पूर्ण असावी.